शेगावला गेलेला पिस्टन

निंबाच्या सावलीत रॉकेलच्या घमेल्यात बुडालेले काळेभोर पिस्टन... डोळे मिटले की बालपण असं समोर येतं. डोणगावच्या आमच्या घरामागे बाबांची जुनी मोटार बॉनेट उघडं टाकून उभी असे, आणि मोहोराच्या मंद गोडव्यात रॉकेलचा उग्र दर्प असा काही मिसळून जाई, की आजही चैत्रात निंब फुलला की माझं नाक उगाच रॉकेल शोधत राहतं.

झालं होतं असं, की धाकट्या भावाला दीर्घ तापानं धरलं, तेव्हा आई नवस बोलली — लेकराला शेगावी महाराजांच्या पायांवर घालीन. ताप उतरला. आनंदाच्या भरात बाबांनी देवघरापुढे हात जोडून त्या नवसाला आपलं शेपूट लावलं, की पोराला आपल्याच मोटारीनं नेऊ, दुसऱ्या गाडीत पाय ठेवणार नाही. कुणी सांगितलं होतं? पण आपल्या बियाण्यांच्या दुकानात गिऱ्हाइकाला दिलेला शब्दही न मोडणारा तो माणूस, देवापुढचा कसा मोडणार! आणि मोटार तरी कशी गुणाची — पुढच्याच आठवड्यात तिचं इंजिन जाम झालं.

मेहकरचा मिस्त्री इंजिन खोलून गेला, आणि एक सुटा भाग काही केल्या मिळेना. तुरी निघाल्या, उन्हाळा तापला, पावसाळ्यात मोटारीवर ताडपत्री आली; बाबा रोज दुकान बंद करून आले की फडक्यानं पिस्टन पुसत बसत. भाऊ नुसता शिंकला तरी आईच्या हातातलं लाटणं थांबे. शेजारणी शेगावहून प्रसाद आणत, तो ती कपाळाला लावी आणि मुकाट आत जाई. मला त्या मोटारीचा मनस्वी राग येई.

मग एका सकाळी भावाचं अंग पुन्हा कोमट लागलं. आईनं त्याला कुंची घातली, भाकरी बांधल्या, आणि अंगणात येऊन शांतपणे म्हणाली, “तुमचा नवस गाडीचा हाये, माहा लेकराचा हाये. मी एसटीनं चालली.”

बाबांनी मोटारीभोवती एक फेरी मारली, तिच्या उघड्या पोटात डोकावले. मग घमेल्यातला एक पिस्टन उचलून कोरडा पुसला, दुपट्ट्यात गुंडाळला आणि आईकडे न बघताच म्हणाले, “गाडीचा जीव हाच हाये. हा संग आला म्हंजे गाडीच आली.”

देवाला फसवता का, असं आई म्हणू शकली असती. तिनं फक्त पिशवीत भाकरीच्या शेजारी जागा केली.

आम्ही चौघंही निघालो. एसटीच्या खिडकीतून वारा येत होता — काळ्या मातीचा, ओल्या कपाशीचा... खामगाव येईतो भावाच्या कपाळावर घाम फुटला आणि अंग निवलं. समाधीपाशी आईनं त्याला टेकवलं. बाबांनी पायरीला हळूच पिस्टन टेकवला, आणि दगडावर उमटलेला तेलाचा डाग लगबगीनं बाहीनं पुसला. बाहेर सावलीत बसून आईनं असा श्वास सोडला, की जणू वर्षभराचा तिनं धरूनच ठेवला होता.

“हलकं वाटून राह्यलं आता,” ती म्हणाली, आणि मग त्या दुपट्ट्याकडे पाहून तिला जे हसू फुटलं, ते थांबेचना. बाबाही हसले. मला तर उड्या माराव्याशा वाटल्या.

परतल्यावर काही दिवसांनी मिस्त्रीचा निरोप आला, की हवा तो भाग सापडला. इंजिन पुरं करायचं का? बाबा रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिले. सकाळी म्हणाले, राहू द्या. त्या दिवसापासून त्यांच्या नखांतला काळेपणा हळूहळू गेला, आणि संध्याकाळी ते आमच्यात बसू लागले.

आता बाबा नाहीत. बाबा तेव्हा होते, त्याच वयाचा भाऊ आता झालाय, आणि परवा त्याच्या मनानं घेतलं, की बाबांची आठवण म्हणून मोटार चालू करावी. आईकडे पिस्टन मागितला. तो कित्येक वर्षं तिच्या दह्याच्या पातेल्यावर असतो, मांजरानं झाकण पाडू नये म्हणून.

“मी नाही देत,” आई म्हणाली. “जिथं जायची होती, तिथं ते गाडी जाऊन आली बे. तू डोळ्यासमोर हायेस ना.”

भावानं पुढे केलेला हात मागे घेतला. मी सुटल्यासारखी हसले आणि पिस्टन उचलून नाकाशी धरला. रॉकेलचा वास कधीच उडून गेलाय, दह्याचा येतो.