हवालदारांचा हँडब्रेक

माझ्या दूरदेशीच्या नातवंडांनो, तुमच्या नव्या गाडीला हँडब्रेकचा दांडाच नाही, नुसतं बटण आहे, असं परवा तुम्ही फोनवर सांगितलंत. तेव्हाच ठरवलं, की आजोबांच्या हवालदार मित्राबद्दल आता लिहून टाकावं. उभ्या गाडीवर इतका अविश्वास असलेला माणूस मी जगात दुसरा पाहिला नाही.

ते सैन्यातून हवालदार होऊन आंधळगावला परतले, पण निम्मं मन जुन्या मिलिटरी ट्रकांखालीच ठेवून आले. आमच्या अंगणात सायकल उभी केली तरी तिच्या चाकाला वीट लावत. एकदा तर तुमच्या आईच्या बाबागाडीला दोन विटा लावल्या, मगच चहाचा कप हातात घेतला. लिलावातून आलेल्या मिलिटरी ट्रकांचा हँडब्रेक धरेनासा झाला, की लोक त्यांनाच शोधत येत. ते दांडा ओढून डोळे मिटत आणि दात्यांचे कट-कट आवाज मोजत. सहज वर आला तर ब्रेकपर्यंत जाणारी सळई ढिली, निसटून खाली पडला तर दाते झिजलेले. दुरुस्ती झाली की भरलेला ट्रक तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चढाला उभा करायचा आणि स्वतः त्याच्या मागे, उताराच्या बाजूला, खुर्ची टाकून बसायचं. "ज्यानं बनवला, त्यानंच खाली बसावं!"

एका राईस मिलवाल्याचा ट्रक तीनदा ब्रेकचे लायनर बदलूनही घरंगळला. तो म्हणाला, "हवालदारसाहेब, आज नाही थांबला त उद्या भंगारात देतो." हवालदारांचा चेहरा असा झाला, जणू कोणी घरचं माणूस विकायला काढलं होतं. त्यांनी ब्रेकच्या ड्रममध्ये बोट घालून वास घेतला. "ब्रेकचा दोष नाही बाप्पा, गिअरबॉक्स रडून राहिला. सारं ऑइल ब्रेकवर!" गिअरबॉक्सचं सील बदललं, लायनर धुतले, ट्रक पाळीवर चढवला आणि मागे खुर्ची टाकून बसले.

एवढ्यात त्यांच्या पत्नी, साऱ्या गावाच्या काकू, दुसरी खुर्ची घेऊन आल्या आणि शेजारी बसल्या.

"तू काहून आली?"

"तुमचा एवढा भरोसा आहे न? मंग मले कायचं भेव?"

हवालदार खुर्चीवरून उठले, काकूंना हाताला धरून बाजूला नेलं, चाकांना दगड लावले आणि ट्रकखाली शिरले. बाहेर आले तेव्हा कपाळावर घाम होता. सळईची पिन दुमडायची राहून गेली होती; ती निसटली असती तर ट्रक सरळ खुर्च्यांवर आला असता.

मिलवाला म्हणाला, "एवढ्या वर्षांत कधी दुसऱ्यांदा पाहिलं नव्हतं तुम्ही!"

"आजवर मी एकटाच बसत होतो ना."

"म्हणजे तुमचा जीव फुकटचा होता काय?" काकू कडाडल्या. सगळे हसले, हवालदार सोडून.

पिन दुमडली, दगड काढले. सगळे बाजूला उभे राहून श्वास रोखून पाहत होते. ट्रक तसूभरही हलला नाही. त्या दिवसापासून ट्रकच्या मागे बसणं बंद झालं.

आता हवालदारांचे गुडघे वाकत नाहीत, आणि काकूंना जाऊन दोन वर्षं झाली. तो ट्रक मात्र आहे. गेल्याच आठवड्यात धानाची पोती घेऊन पाळीवर नुसत्या हँडब्रेकवर उभा असलेला मी पाहिला.