प्रश्न क्रमांक पाच आणि चिंधू कापगते

चिंधू कापगते एकदा बसला की त्याला उठवणं कठीण, हे रुआबांध्यात लहानथोर सगळे जाणतात. हा हट्ट त्याच्या अंगात पोलादाच्या प्लांटमधल्या, कोळसा भाजून कोक करणाऱ्या कोक ओव्हनच्या भट्ट्यांनी भरला. ठेकेदाराच्या हाताखाली त्यानं उभा जन्म तिथं काढला, आणि तिथला कायदा एकच होता. शिफ्ट संपली म्हणून कुणी घरी जात नाही. पुढच्या शिफ्टचा रिलीव्हर समोर येऊन उभा राहिला, काय झालं, काय राहिलं ते त्याला सांगितलं, की मगच हातमोजे काढायचे. लेकीच्या, रेणूच्या बारशाला असाच रिलीव्हर आला नाही. पाळणा हलला, नाव ठेवलं, घुगऱ्या वाटून झाल्या, आणि बाप भट्टीवरच. त्याची बायको सिंधुताई ते अजून विसरलेली नाही. भांडणात दुसरं काही सुचलं नाही की ती बारसं काढते.

त्याच सिंधुताईच्या किडन्या गेल्या. प्लांटच्या पक्क्या कामगाराला म्हातारपणीही प्लांटचा दवाखाना असतो. ठेक्यातल्याचा गेटपास काढून घेतला की त्याला रामराम. भट्टी मात्र दोघांनाही सारखीच भाजते, हे कुणी बघत नाही. मग डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा रायपूर. परतताना ती बसच्या खिडकीला डोकं टेकून अशी निपचित पडायची, की चिंधू सारखा तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायचा. एकदा डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, की एवढा प्रवास हिच्या हृदयाला फार दिवस झेपणार नाही. आणि घरापासून हाकेच्या अंतरावर सरकारी दवाखान्यात डायलिसिसचं मशीन येऊन पडलेलं! वेष्टनासकट खोलीत, खोलीला कुलूप. चालवणारा माणूस नेमलेला नाही, म्हणे.

चिंधू विरोधी पक्षाच्या आमदाराकडे गेला. आमदाराची सगळी कामं सुशील बघायचा. मोहन नगरचा पोरगा, या हिंदी मुलखात घरी मराठी बोलणारा, म्हणून चिंधूला जवळचा वाटला.

"काका, विधानसभेत प्रश्न लावू," सुशील म्हणाला. "पण तिथं कुणी उठून मनाला येईल ते विचारत नाही. कितीतरी दिवस आधी लिहून द्यावं लागते. मग सोडत निघते, कोनाचा प्रश्न वर, कोनाचा खाली. हर खात्याचा दिवस ठरलेला हाये. आरोग्याचा दिवस येईन तवाच आपला नंबर."

"आन् मंत्री जवाब देते?"

"देतेच ना! रोजचा पहिला तास प्रश्नांचाच. तोंडी जवाब द्यावा लागते, उलटून अजून विचारता येते."

चिंधूला हे मनापासून पटलं. कोक ओव्हनला कोणती भट्टी कधी रिकामी करायची, याचं असंच वेळापत्रक असायचं. एखादी राहून गेली तर पुढची शिफ्ट आधी तीच रिकामी करायची, मग बाकीच्या. जिथं वेळापत्रक आहे तिथली माणसं काम पुरं केल्याशिवाय उठत नसणार, असं त्यानं मनाशी धरून टाकलं. इथंच त्याचं चुकलं, पण ते त्याला कळायला रायपूरच्या विधानसभेत जावं लागलं.

सोडतीत प्रश्नाला पाचवा नंबर लागला. सुशील पेढे घेऊन आला. सिंधुताईला पेढा चालत नाही, म्हणून तिनं नुसता हातात धरला आणि विचारलं, "मंत्री तं हो म्हनंल ना?"

"कसा नाही म्हनंल?" चिंधू म्हणाला. "सगळ्यांसमोर विचारून राहिले त्याले."

आमदाराच्या पासवर चिंधू प्रेक्षक दीर्घेत जाऊन बसला. फोन खाली जमा केला. बोलायचं नाही, हातवारे करायचे नाहीत, उभं राहायचं नाही, असं शिपायानं बजावलं. खाली सभागृहात सगळं मोठं शिस्तीचं चाललं होतं. अध्यक्षांनी पहिला प्रश्न पुकारला, मंत्र्यानं उत्तर दिलं, सदस्यानं उलट विचारलं. दुसराही झाला. चिंधूनं खुर्चीच्या कडा धरून ठेवल्या होत्या. पाचवा म्हणजे आता आलाच.

तिसऱ्या प्रश्नावर गाडी घसरली. त्या दिवशी आरोग्यासोबत खाणींचंही खातं होतं. विषय कुठल्याशा खाणीचा, सिंधुताईच्या किडन्यांशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. खाणमंत्री काहीतरी बोलले, विरोधी बाकं खवळली, घोषणा सुरू झाल्या. अध्यक्षांच्या आसनासमोर जी मोकळी जागा असते तिला तिथं गर्भगृह म्हणतात. त्या जागेत पाय टाकला की सदस्य आपोआप निलंबित, असा त्या सभागृहाचा नियम. आणि सगळ्यांच्या पुढं, हात उंचावून, गर्भगृहात उतरले ते आपले आमदारसाहेब! देवळात सुद्धा माणूस गाभाऱ्यात शिरताना दोनदा विचार करतो. यांनी एकदाही केला नाही.

अध्यक्षांनी निलंबितांची नावं वाचली. सगळे घोषणा देत बाहेर गेले. आता सभागृहात कशी छान शांतता झाली. चौथा प्रश्न झटपट उरकला.

"प्रश्न क्रमांक पाँच." अध्यक्षांनी रिकाम्या बाकाकडे पाहिलं. "सदस्य उपस्थित नहीं हैं. प्रश्न क्रमांक छह."

चिंधू उठून उभा राहिला.

"मैं उपस्थित हूँ!" तो वरून ओरडला. "साहब, जिसका सवाल है वो इधर बैठा है! मेरे को पूछने दो!"

खाली सगळ्यांनी माना वर केल्या. आरोग्यमंत्र्यांनीही केली. तेवढंच काय ते उत्तर मिळालं, कारण तोवर दोन शिपायांनी चिंधूला दंडाला धरलं होतं. दाराशी तो त्यांना एवढंच म्हणाला, "हात मत लगाओ. भट्टीवाला हूँ, चल के जाऊँगा." आणि चालत गेला, मान ताठ ठेवून.

बाहेर आमदार कॅमेऱ्यांसमोर बोलत होते. खाणीवर. सुशील चिंधूची नजर चुकवत उभा होता.

"आज राहिला," चिंधू म्हणाला. "उद्या पयला आपलाच घेतीन ना?"

"नाही काका. उद्या दुसऱ्या खात्यांचा दिवस. राहिलेला प्रश्न पुढं जात नाही. त्याचा लेखी जवाब छापून येते, मामला खतम. आता पुढच्या अधिवेशनात नव्यानं लिहून द्यायचा."

"राहिलेलं काम पुढच्या शिफ्टले देत नाही?"

"नाही."

"मंग हे लोक घरी कावून जाते बे?"

सुशीलनं फोन काढला. त्यावर लेखी उत्तर आलेलं होतं, ते त्यानं वाचून दाखवलं. मशीन कधी सुरू होणार या प्रश्नापुढं एकच ओळ होती, "जानकारी एकत्रित की जा रही है." चिंधूच्या अंगाचा तिळपापड झाला. मशीन दवाखान्यात, किल्ली दवाखान्यात, बाई घरात. यात गोळा करायची माहिती कसली? वाटाण्याच्या अक्षता लावायच्या तर त्या निदान तोंडानं तरी लावाव्यात.

घरी येऊन त्यानं सिंधुताईला सगळं जसंच्या तसं सांगितलं. "म्हंजे माहा सवाल कोनी विचारलाच नाही," एवढंच ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिंधू घरची प्लास्टिकची खुर्ची डोक्यावर घेऊन दवाखान्यात गेला आणि त्या कुलूपबंद दारासमोर टाकून बसला. प्रभारी डॉक्टर धावत आले.

"बाबा, ये क्या है?"

"शिफ्ट है साहब. ए शिफ्ट मेरी. बी शिफ्ट को पुंडलिक आएगा. मशीन चालू होने तक चलेगी."

डॉक्टरांनी समजावलं, दटावलं, पोलिसांचं नाव काढलं. चिंधू म्हणाला, बोलवा. सुशीलचा फोन आला, की साहेबांचं निलंबन कालच मागं घेतलं, पुढच्या अधिवेशनात ते नक्की विचारतील, काकांनी घरी जावं. "साहेबाले सांग," चिंधू म्हणाला, "सी शिफ्ट खाली हाये. यायचं असंल तं खुर्ची भेटंल." आणि फोन बंद केला.

बी शिफ्टची वेळ झाली. पुंडलिक हा त्याचा जुना सोबती, छातीवर हात मारून कबूल झालेला. तो आला नाही. त्याचा जावई आरोग्य खात्यातच कामाला होता, आणि घरून त्याला कुणी निघू दिलं नसावं. ऊन दारापर्यंत सरकलं. डॉक्टर दोनदा येऊन बघून गेले, थोडेसे हसले पण. चिंधूच्या पोटात कावळे ओरडत होते आणि गुडघे धरले होते, तरी तो हलला नाही. रिलीव्हर नाही, तर उठायचं कसं?

मग फाटकातून रेणूची स्कूटी आत आली. मागं सिंधुताई, लेकीच्या खांद्याला धरून. ती हळूहळू पायऱ्या चढून आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"उठा."

"तू कावून आली? तुले झेपत नाही."

"पुंडलिकभाऊ नाही येत. रिलीव्हर मी हाये." तिला दम लागला होता, पण आवाज खणखणीत होता. "रेणूच्या बारशाले नाही आला तुमचा रिलीव्हर. आता आला. उठा, अन् काय राहिलं ते सांगा."

"और सी शिफ्ट मेरी, बाबा," रेणू म्हणाली.

चिंधू उठला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि त्यानं ते लपवले नाहीत. गमछानं खुर्ची पुसली आणि कायद्याप्रमाणे सगळं सांगितलं, "कुलूप तसंच हाये. मशीन आत हाये. जवाब भेटला नाही."

"समजलं," म्हणून सिंधुताई बसली.

डॉक्टर पुन्हा आले. खुर्चीवर बाई पाहून ते गडबडले. "माताजी, आप लोग समझते नहीं. ऊपर से पूछा गया है, जानकारी एकत्रित की जा रही है."

सिंधुताईनं पदर मागं सारून डावा हात त्यांच्यापुढं धरला. डायलिसिसच्या सुयांनी टोचून टोचून दोरखंडासारखी फुगलेली शीर कोपरापर्यंत गेली होती.

"लिखो फिर," ती म्हणाली. "जानकारी इधर बैठी है."