जावयाचे पाय आणि आमचा प्रोटोकॉल

"मॅडम, इच्या नाकातून पानी गळून राह्यलं."

मेडशीहून नामदेवरावांचा फोन. माझा घास हातातच राहिला.

मी वाशीमला क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर आहे. म्हणजे डॉक्टर ऑपरेशन करून मोकळे होतात, आणि नंतर पेशंटच्या मागे फॉर्म घेऊन फिरते ती मी. नामदेवरावांच्या बायकोच्या, म्हणजे वच्छलामावशींच्या, मेंदूच्या तळाशी गाठ होती. तीन आठवड्यांपूर्वी ती नाकावाटे काढली. तिथे पडलेलं भोक बुजवतात. ते नीट बुजलं नाही, तर मेंदूभोवतीचं पाणी नाकातून ठिबकतं. हाच सीएसएफ लीक. त्याच वाटेने जंतू वर गेले तर जिवावर बेततं. भोकावर जादा गोंद लावून ही गळती टळते का, हे आमचा स्टडी तपासत होता. मावशींना गोंद लावला होता की नाही, हे मलाही माहीत नव्हतं. नियमच तसा.

"लगेच भरती करा," ऑपरेशन करणारे आमचे सर म्हणाले.

मावशी ऐकेनात. "चार दिवसांवर पोरीचं लगीन. मी दवाखान्यात, अन् मांडवात कोन उभं राहीन?"

लीक निघाला तर पुन्हा ऑपरेशन, आणि लग्न आईविना. शेवटी सर मला म्हणाले, "तू जा. नमुना आण. ताप, डोकेदुखी, मान आखडलेली, यातलं काहीही दिसलं तर तिचं ऐकू नकोस, गाडीत घालून आण."

मिळेल ती एसटी पकडून मेडशी गाठली. दारातच मला तीन शिंका आल्या. आत चार बाया उखळात लाल मिरच्या कुटत होत्या. लग्नाचं तिखट चक्कीवर न्यायचं नाही, घरीच कुटायचं, असा त्या घरचा रिवाज. आणि उखळापासून हातभर अंतरावर, खुर्चीत ताठ बसून, मावशी हुकूम सोडत होत्या.

"मावशी, इथे काय करताय?"

"काईच नाही. तुमीच त म्हनलं, वाकू नको, ओझं उचलू नको, शिंक आली त तोंड उघडून दे. मी सारं करून राह्यली. मिरच्यांपाशी बसू नको असं थोडीच म्हनलं!"

माझ्या चारपानी सूचनापत्रात मिरचीचा म सुद्धा नव्हता.

ताप नव्हता, मान मोकळी होती. सकाळपासून नाक पुसलेला रुमाल वाळून पापडासारखा कडक झाला होता. शेंबूड वाळला की कापड कडक होतं, मेंदूचं पाणी वाळलं तर मऊच राहतं. जीव भांड्यात पडला. तरी बाटलीत नमुना घेतला आणि मावशींची खुर्ची शेजारच्या ओसरीत हलवली. संध्याकाळपर्यंत नाक कोरडं.

लॅबचा रिपोर्ट हळदीच्या दिवशी आला. लीक नाही! मी ऑफिसात चक्क टाळ्या वाजवल्या. लगेच फोन केला, तर तिकडून नवी पंचाईत.

"मंग जावयाचे पाय कशी धुवू? वाकाले त तुमी बंदी केली."

सरांना विचारलं. ते म्हणाले, "वाकायचं नाही म्हणजे नाही. जावयाला वर उचला."

आणि खरंच उचलला. लग्नाला मी गेलेच होते. मांडवात दोन टेबलं जोडून त्यावर नवरदेवाची खुर्ची ठेवली होती. खाली मावशी ताठ उभ्या, आणि जावयाचे पाय बरोबर त्यांच्या कमरेशी. त्यांनी निवांत धुतले, पुसले, कुंकू लावलं.

"पडशीन ना बाप्पा, हालू नको!" नामदेवराव टेबल धरून ओरडत होते. सारा मांडव हसत होता. स्टडीसाठी रोज भरायच्या मावशींच्या डायरीत त्या दिवशी 'वाकल्या का?' समोर 'नाही' लिहिताना मला इतका आनंद झाला, की खाली दोन रेघा मारल्या.

पुढे सूचनापत्रात एक ओळ वाढली: तिखट कुटतात तिथे बसू नये. स्टडीवर देखरेख करणाऱ्या कमिटीने कारण विचारलं. मी कळवलं, कागद ऑफिसात बसून लिहिला होता, पेशंट घरी राहतो.

लग्नाच्या त्या संध्याकाळी पोरगी सासरी निघाली तेव्हा मावशींचं नाक पुन्हा वाहू लागलं होतं. सवयीने माझा हात पर्समधल्या बाटलीकडे गेला. मग पाहिलं, तर माझंही वाहत होतं. तो नमुना काही मी घेतला नाही.