शिक्क्यापुरती जागा

सुलतानांचं पत्र निघालं की ते पिवळ्या रेशमात गुंडाळून हत्तीवर चढायचं, वर पिवळी छत्री धरली जायची, आणि कुआला सेलांगचं झाडून सारं गाव रस्त्याकडेला मान खाली घालून बसायचं. त्यात ते पत्र लिहिणारा तालिबही असायचा. स्वतःच्याच अक्षराला मुजरा करायचा, काय थट्टा ही! धक्क्यावरच्या प्रत्येक नाखव्याला ताकीद होती, तालिबला होडीत घ्यायचं नाही. कागदावर सोन्याची फुलं काढावीत ती त्यानंच, म्हणून हा बंदोबस्त.

खाडीपलीकडे तंजुंग पारीला त्याची एकुलती एक मुलगी मुनाह नांदत होती. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण बापानं तिचं घर पाहिलं नव्हतं.

त्या वर्षी तंजुंग पारीच्या राजाचं उत्तर आलं. दरबारात वाचायचं कामही तालिबचंच. 'तुमच्या पत्रातली बाग पाहून डोळे निवले. तो माळी वर्षभर आमच्याकडे पाठवावा.' एवढं वाचून त्यानं सुलतानांकडे पाहिलं.

सुलतान खो खो हसले. "माळी म्हणे! उद्या गादी मागेल. तालिब, नकार लिही. पण असा देखणा, की भेटच मिळाली असं वाटलं पाहिजे त्याला."

"आज्ञा, तुआन्कू."

स्वतःच्या सुटकेला स्वतःच्याच हातानं नाही म्हणायचं होतं, तेही सोन्यात.

सोन्याचा वर्ख खलून देणारी म्हातारी माक इतिंग तोंडाची फटकळ. "आजारी पड की मेल्या!"

"मागं एकदा पडलो होतो. वैद्य उशाशी आणि पहारेकरी दाराशी बसवला."

"मग शिक्क्याची जागा बोटभर खाली ठेव."

तालिब दचकला. बरोबरीच्या राजाला लिहिताना शिक्का पहिल्या ओळीच्या रेषेत यायचा. खाली घसरला तर आपला राजा लहान ठरायचा. तालिबच्या आधीच्या लेखनिकाकडून ती चूक झाली होती, आणि त्याला त्याच दिवशी होडीत बसवून हद्दपार केलं होतं. तालिबला हद्दपारीच तर हवी होती! बोटभर जागेचा प्रश्न होता.

सकाळी त्यानं कागद पसरला आणि पहिली ओळ कुठून सुरू करायची तिथे नखानं खूण केली. बोटभर वर. शिक्क्याची जागा कागदावर ठरलेली, तो आपोआप ओळीच्या खाली पडला असता. मग नेहमीसारखी समासातली वेल काढायला घेतली. वेल वर चढत गेली, फुलं उमलली, आणि शेवटचा देठ खुणेपाशी येऊन अडला. ओळ तिथून सुरू झाली तर सगळी वेल लंगडी दिसणार होती. तालिब बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं खूण पुसली आणि ओळ जिथे शोभत होती तिथेच लिहिली. शिक्का रेषेत आला. स्वतःच्या हाताचा त्याला इतका राग आला की तो माक इतिंगसमोर रडला.

"गाढवा," ती म्हणाली, आणि तिनंही डोळे पुसले.

पत्र वाजतगाजत गेलं. आठ दिवसांनी नाखवा देरिस परतला.

"पोचलं?" तालिबनं विचारलं.

"थाटात! तुझी मुनाह धक्क्यावर आली होती. गावात आवई उठली होती ना, या खेपेला लिहिणाराही येतोय म्हणून. केळीच्या पानात भात न् भाजलेला मासा घेऊन उभी."

"मग?"

"मग काय, पत्राची मिरवणूक निघाली तशी बसली खाली मान घालून. नंतर मला विचारते, बाबांचा हात थरथरत नाही ना? म्हटलं, छे गं! असं पत्र आजवर झालं नाही."

तालिब म्हणाला, "आणि मासा?"

देरिसनं नजर चुकवली. "मलाच दिला. म्हणाली, गार व्हायच्या आत खाऊन घ्या, काका."