एकदाच बोला, साहेब

कुत्रा अंगावर झेपावला की हवालदार त्याच्याकडे पाठ करून उभे राहायचे. हात छातीशी बांधलेले, नजर समोरच्या भिंतीवर. कुत्रा उड्या मारतोय, भुंकतोय, शर्ट ओढतोय आणि हे आपले ढिम्म. तो दमून चारही पाय टेकून उभा राहिला की मग वळायचे आणि त्याच्या गळ्याखाली खाजवायचे. आमच्या दारात पहिल्या दिवशी हा कार्यक्रम बराच वेळ चालला. मी ऑफिसातून चार्टर्ड बसनं दीड तास उभ्यानं आलो होतो. मनात म्हटलं, हा माणूस शिकवायला आलाय की रुसायला?

ते मूळचे साताऱ्याकडचे. फौजेत कुत्री सांभाळण्यात उमेदीची वर्षं गेली. निवृत्तीनंतर नोएडात मुलाकडे राहत आणि सायकलवरून सोसायट्यांत फिरून लोकांची कुत्री शिकवत. बाकीचे त्यांना मास्टरजी म्हणत, आमच्या घरात ते हवालदार.

आता आम्ही किती शहाणे तेही ऐका. दिल्लीतलं सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही नोएडाच्या नव्या फ्लॅटमध्ये आलो. आजूबाजूला ज्याच्या त्याच्याकडे नवी गाडी आणि तिच्या खिडकीतून डोकं काढलेला लॅब्रॅडॉर. मुलीनं हट्ट धरला, आम्हीही आणला. नाव ब्रूनो. वर्षभरात तो चांगला दांडगा झाला आणि एका संध्याकाळी देवळातून परतलेल्या माझ्या आईवर आनंदानं झेपावला. आईचं मनगट मोडलं. माझी बायको सीमा एवढंच म्हणाली, "आईंचं प्लास्टर निघेपर्यंत थांबते. तोवर सुधारला नाही तर कुणाला तरी देऊन टाकायचा." मुलगी त्या दिवशी जेवली नाही. खरं सांगतो, मलाही घास गेला नाही.

मग हवालदारांना बोलावलं. दारातला तो कार्यक्रम आटोपल्यावर त्यांनी कुत्र्याकडे फारसं पाहिलंच नाही. आम्हा चौघांना सोफ्यावर बसवलं.

"याला बसवताना काय म्हणता?"

"खाली बस रे बाळा," आई म्हणाली. सीमा म्हणाली, "मी 'बैठ' म्हणते." मुलगी म्हणाली, "सिट." मी नुसताच ओरडायचो, माझा शब्द असा ठरलेला नव्हता.

"कुत्रा गुणी आहे," हवालदार म्हणाले. "चौघांच्या चार तऱ्हा सोसून अजून घरात टिकलाय. एक शब्द ठरवा, साहेब. आणि एकदाच बोला."

एकदाच बोला. हे त्यांचं पालुपद. "पाचदा 'बस' म्हटलंत तर तो काय शिकतो? पहिल्या चार वेळा उभं राहायचं." मी सरकारी माणूस. फाइल असो की घर, पाच स्मरणपत्रांशिवाय माझं काही हललेलं नव्हतं. पण प्लास्टर निघायला पाच आठवडे होते, तेव्हा मान डोलावली. आईच्या सोयीनं शब्द ठरला, 'बस'. मुलगी कुरकुरली, "यार पप्पा, पार्कमध्ये मराठी? सगळे हसतील."

"हसू द्या, ताई," हवालदार म्हणाले. "त्यांना थोडंच बसवायचंय?"

रोज संध्याकाळी, त्याच्या जेवणाआधी दहा मिनिटं. तुम्ही म्हणाल, दहाच तर मिनिटं. ऑफिसातून परतलेल्या माणसाला विचारा. शब्द एकदा, मग वाट पाहायची, बसला की लगेच बिस्किट. बिस्किट आधी दाखवायचं नाही. उडी मारली की घरातल्या सगळ्यांनी पाठ करायची, पाहुण्यांनीसुद्धा. आमच्याकडे आलेले लोक भिंतीकडे तोंड करून उभे राहत आणि परत येत नसत.

एकदा मी घरी आलो तर ऑफिसच्या बुटाचा चुथडा झालेला. "ब्रूनो, ये," म्हणून हाक मारली. तो शेपूट हलवत आला आणि मी त्याला वर्तमानपत्राची गुंडाळी हाणली. हवालदार चहा घेत होते. त्यांनी कप खाली ठेवला.

"साहेब, हा मार कशाचा?"

"बुटाचा."

"नाही. बोलावल्यावर आला, त्याचा. उद्या हाक मारा, येतो का बघा."

मुलगी दारातून बघत होती. अलीकडे मी हाक मारली की तीही आधी "काय झालं?" विचारायची आणि मगच यायची. त्या दिवशी मला स्वतःची फार लाज वाटली.

प्लास्टर निघालं त्या दिवशी आई दवाखान्यातून आली. ब्रूनो दाराकडे धावला. सीमा पुढे होणार, तेवढ्यात आई बारीक आवाजात म्हणाली, "बस." एकदाच. तो बसला. सगळं अंग थरथरत होतं, पण बसला. सीमानं आपल्या हातानं त्याला बिस्किट दिलं आणि आत जाऊन डोळे पुसले.

"उद्यापासून मी येणार नाही," हवालदार म्हणाले. "हा अजून माझ्याकडे बघून ऐकतो. आता तुमचं ऐकायला पाहिजे."

"अहो, निदान चहाला तरी या," मी जरा चिडूनच म्हटलं.

तेव्हा त्यांनी सांगितलं. निवृत्तीच्या वेळी त्यांचा कुत्रा नव्या माणसाच्या हाती दिला, तेव्हा रीतीप्रमाणे त्यांनी त्याच्यासमोर जायचं नव्हतं. कुत्रा दोन दिवस उपाशी भुंकत होता आणि हे भिंतीपलीकडे बसून ऐकत होते.

"तिसऱ्या दिवशी जेवला. बरं वाटलं."

"खरंच बरं वाटलं?" सीमानं विचारलं.

"वाटायलाच पाहिजे ना, वहिनी."

ते आले नाहीत. शेजारच्या ब्लॉकमध्ये शिकवायला यायचे, पण मागच्या गेटानं. ब्रूनो कितीतरी दिवस त्यांच्या वेळेला दाराशी जाऊन बसायचा. थंडी सुरू झाली तेव्हा चौकीदार म्हणाला, "मास्टरजी गाँव जा रहे हैं, हमेशा के लिए."

दोनच दिवसांनी, ब्रूनोला फिरवताना, ते रस्त्याच्या पलीकडे दिसले, सायकल हातात धरून. ब्रूनोनं ओळखलं. साखळी अशी ओढली की माझा खांदा निखळतोय असं वाटलं. मधून गाड्या जात होत्या.

"बस," मी म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटलं नाही.

तो बसला. पलीकडे हवालदारांनी सायकल स्टँडला लावली, हात छातीशी बांधले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. मला त्यांना हाक मारायची फार इच्छा झाली. मी मारली नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी स्टँड काढला आणि सायकल हातात धरून चालत गेले. वळले नाहीत. ब्रूनो बसलेलाच होता.