खंडोबाच्या कुत्र्याचा घास

आमचं घराणं तलवारीचं. माझ्या हाती मात्र टाक आला. इकडं कानडी मुलखात, नजरबादेतल्या कचेरीत मी कारकून, आणि घोड्यावर आयुष्यात एकदाच बसलो; तेव्हाही घोडं उभंच होतं. घराण्यातलं स्वारीचं रक्त सगळं आतेभावाकडे गेलं. तो महाराजांच्या रिसाल्यात होता. मोठी लढाई पेटली तेव्हा घोड्यांसकट समुद्रापार निघाला. जाताना आपलं काळं कुत्रं आमच्या ओट्याला बांधून आत्याला म्हणाला, "आई, मी येईन तेव्हा हे इथं दिसलं पाहिजे."

आत्या आमच्याकडेच राहायची. एकुलता एक मुलगा लढाईवर गेला, तशी ती नवस बोलली. कुळदैवत खंडोबा, आणि कुत्रं म्हणजे त्याचं जनावर. तेव्हा मुलगा सुखरूप परते तोवर कांदेनवमीला आणि चंपाषष्ठीला देवाच्या ताटातला पहिला घास ह्या कुत्र्याचा. एरवी ते रागीच्या मुद्द्यावर, म्हणजे नाचणीच्या उकडलेल्या गोळ्यावर, आणि ताकावर खूश असायचं. पण नवस ऐकून गल्लीतली सगळी मराठी घरं पुढं झाली. रिसाल्यातल्या पोराचं कुत्रं म्हटल्यावर कोण मागं राहतो? त्या दोन दिवशी कुत्र्याला दारोदार पान वाढलेलं असायचं.

पहिल्याच आषाढात, कांदेनवमी होऊन तीन-चार दिवस झाले आणि ते आडवं पडलं. उठेना, नुसतं धापा टाकी. ओठ उलटून बघितला तर हिरड्या पांढऱ्याफटक. मूत्र तर कॉफीच्या काळपट डिकाक्शनसारखं. आत्या त्याच्याशेजारी बसली ती उठेचना.

मी कचेरीतून येऊन परसात फेरी मारली आणि गुन्हेगार धरला. कण्हेर! विषारी झाड, कुत्रं तिच्याच बुंध्याशी लोळतं. मी कोयता घेतला आणि बुडापासून तोडली.

"अय्यो, माझी पूजेची फुलं!" आत्या ओरडली.

कुत्रं हळूहळू सावरलं. पुढं चातुर्मासभर असं टुणटुणीत होतं, की मी येईल त्याला कण्हेरीच्या जागेवर उभा करून व्याख्यान द्यायचो. आत्या मुकाट्यानं शेजारी फुलं मागायला जायची.

मार्गशीर्षात चंपाषष्ठी झाली आणि पुन्हा तेच. धाप, पांढऱ्या हिरड्या, डिकाक्शन. मी जरा खजील झालो, पण शोध सोडला नाही. षष्ठीच्या दुसऱ्या दिवशी घरात बोकड शिजला होता, म्हणून हाडांवर बंदी घातली. रिसाल्याच्या पागेतून निवृत्त झालेले एक सलोतरी होते, घोड्यांचे वैद्य. त्यांनी "जंत असतील" म्हणून सुपारीची पूड चारायला सांगितली. ती पोटात जाताच कुत्र्याच्या तोंडातून लाळेची धार लागली, पाय लटपटले, आणि आत्यानं सुपारीचा डबा आणि सलोतरी दोघांनाही ओट्याखाली उतरवलं. मग मी एरंड उपटला. परसात आता तुळस आणि मी, एवढेच उरलो होतो.

"अहो, तुळशीवर तेवढा आळ घेऊ नका," बायको म्हणाली. "नाहीतर लग्न लावायला कुणी उरायचं नाही."

पुढच्या आषाढात कुत्रं तिसऱ्यांदा पडलं. या खेपेला डोळ्यांचं पांढरंही पिवळं झालं. आत्या त्याचं डोकं मांडीवर घेऊन म्हणाली, "ह्याला काही झालं तर मी पोराला काय तोंड दाखवू?" पोराचं पत्रही बरेच दिवस आलं नव्हतं. दोन्ही काळज्या ती एकत्रच मोजत होती.

मी उगाच कुंपण हलवून बघत होतो. बायको भाजी निवडत म्हणाली, "गंमतच आहे. आषाढात पडतं, चार महिने ठणठणीत, मार्गशीर्षात परत पडतं. चातुर्मास पाळतं की काय हे?"

आत्यानं मान वर केली. "काय म्हणालीस?"

"सहज हो आत्याबाई, थट्टा."

"थट्टा नव्हे. चातुर्मासात घरात काय नसतं?"

"वांगं नसतं. कांदा-लसूण नसतो."

कांदेनवमीला कांदा खाऊन घ्यायचा, चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याबरोबर तो परत सुरू करायचा, आणि त्या दोन्ही दिवशी दारोदार पहिला घास त्याचा! शेजारच्यांचं कुत्रं आठवड्याला वांगं खायचं, त्याला काही होत नसे; तेव्हा वांगं सुटलं. उरला कांदा. मी परसातली झाडं उपटत होतो, आणि विष आम्हीच हळदकुंकू लावून वाढत होतो.

कारण सापडलं, पण आत्याचा जीव दुप्पट अडकला. घास द्यावा तर कुत्रं जातं. न द्यावा तर नवस मोडतो, आणि नवस मोडला तर तिकडं काय होईल, हे ती बोलत नव्हती.

"कांदा न घालता दे की," मी म्हणालो.

"देवाच्या ताटातला घास म्हणून बोललेय मी. देवाच्या ताटात कांदा आहे. देवाशी कचेरीतली कलमं लढवू नकोस, सुम्ने, गप्प बस."

मी परत कुंपणाकडं गेलो. ती मात्र चंपाषष्ठीपर्यंत विचार करत राहिली.

षष्ठीला भरीत झालं, रागीचे रोडगे झाले, तळी उचलून झाली. गल्लीतल्या घरांना आधीच बजावलं होतं; कुत्र्यापुढं आत्यानं मुद्दा-ताक ठेवलं. मग कांद्याच्या पातीनं हिरवंगार झालेलं देवाचं ताट उचललं आणि माझ्यापुढं जमिनीवर ठेवलं.

"वाघ्ये काय करतात जेजुरीला? देवाचे कुत्रे होतात. भुंकतात, तोंडानं घास उचलतात. तू आज हो."

"मी? आत्या, कचेरीतली माणसं आलीत जेवायला!"

"मग मोठ्यानं भुंक. त्यांनाही कळू दे."

मी बायकोकडं पाहिलं. ती पदर तोंडात कोंबून भिंतीकडं वळली होती. आत्या हसत नव्हती. ते पाहिलं आणि धोतर सावरून मी चार पायांवर आलो, भुंकलो, आणि भरिताचा घास तोंडानं उचलला. काळं कुत्रं मुद्दा सोडून, मान वाकडी करून माझ्याकडं बघत राहिलं. मग त्यानंही एक भुंकून घेतलं. उच्चार सुधारून दिला असावा.

त्यानंतर ते कधी तसं पडलं नाही. लढाई संपून बऱ्याच दिवसांनी आतेभाऊ आला, एका पायानं लंगडत. कुत्रं ओट्यावरच होतं. आधी त्यानं वास घेतला, मग सगळी गल्ली गोळा होईल असा आरडाओरडा केला. आत्या आतून आली आणि दोघांच्या मध्ये खाली बसली.

नवस फिटला, असं मी त्याच संध्याकाळी सुचवून पाहिलं.

"फिटला की," आत्या म्हणाली. "पण देवाला सवय झाली, त्याचं काय?"

आता माझे गुडघे वाजतात. चंपाषष्ठी जवळ आली की मुलं ओट्यावर जागा धरून बसतात.