भाटघरचं रक्त आणि माझी वही

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मी भोरला शाळामास्तर होतो. पुण्याच्या एका प्राध्यापकांना आमच्या भागातल्या लोकांचे रक्तगट मोजायचे होते. कुठल्या समाजात ए किती, बी किती, ओ किती, हे प्रमाण जगभर वेगवेगळं निघतं. गोऱ्यांत ए पुष्कळ, आपल्याकडे बी वरचढ, असं ते सांगत. माझं अक्षर बरं आणि सुट्टीत मला उद्योग नसे, या दोन गुणांवर माझी निवड झाली.

काम सोपं होतं. बोटाला सुई टोचायची, पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर दोन थेंब घ्यायचे, पुण्याहून बर्फात आलेली दोन सीरमं, म्हणजे रक्तावरचं निवळ पाणी, त्यांत मिसळायची आणि गुठळ्या कुठल्या थेंबात होतात ते लिहायचं. पण भोरजवळच्या भाटघर गावात कोणी बोटच पुढं करेना.

"रगत चांगलं निगालं की पलटनीत न्हेत्यात म्हनं," एक म्हातारे म्हणाले.

मी लगेच वहीतला नावाचा रकाना सगळ्यांदेखत तांबड्या शाईनं खोडला. नुसता क्रमांक, जात आणि गट. लोक हसले, रांग लागली. या हुशारीवर मी आठवडाभर खूश होतो. प्राध्यापकही म्हणाले, "नावांचं काय करायचंय, आपल्याला प्रमाण हवं." कोणी विचारलंच, "मास्तर, माजं काय निगालं?" तर मी म्हणे, "एक अक्षर आहे, तुम्हांला काय उपयोग?"

महिन्याभरानं, दुपारच्या सुट्टीत, भोरच्या दवाखान्यातून मला बोलावणं आलं. भाटघरची एक बाई बाळंतपणानंतर बैलगाडीतून आणलेली. रक्त थांबत नव्हतं. तिच्याबरोबर नवरा आणि भावकीतली पाच-सहा माणसं, सगळी माझ्याच रांगेत उभी राहिलेली. बायका मात्र रांगेला आल्याच नव्हत्या, म्हणून तिचा गट माहीत नव्हता.

"ओ गट कुणालाही चालतो," डॉक्टर म्हणाले. "यांच्यातलं एक ओ गटाचं नाव द्या, मास्तर. बाकी मी बघतो."

नवरा म्हणाला, "तुमी समद्यांचं बगितलंय. कुनाचं चालंल तेवढं सांगा."

मी वही आणायला घरी पळालो. पळताना मला पुरतं ठाऊक होतं की त्या वहीत नाव नाही. तरी पळालो, कारण उभं राहून ते सांगण्यापेक्षा पळणं सोपं होतं.

दवाखान्यात परत येऊन वही उघडली, ओ तर पानोपानी होते. क्रमांक चार, क्रमांक नऊ, क्रमांक एकवीस. नवरा वहीत डोकावून म्हणाला, "ह्यातला मी कुठला?" मला सांगता येईना. पण गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. एका उंच माणसाकडे बोट दाखवून मी छातीठोकपणे म्हणालो, "हे ओ, मला चेहरा आठवतो."

डॉक्टरांनी माझ्या आठवणीवर सोडलं नाही हे नशीब. त्यांनी तिच्या रक्तावरचं पाणी वेगळं काढून त्यात उंच माणसाचा थेंब घातला. गुठळ्या. पाव तास गेला. माझं स्वतःचं ए आहे एवढं मला माहीत होतं. ते घातलं, गुठळ्या. नवऱ्याचं, तसंच. मग चौथ्या माणसाचा थेंब पाण्यात साफ मिसळून राहिला. त्याचं रक्त बाटलीत घेईपर्यंत तिचे हात गार पडले होते. बाटली अर्धी भरली तेव्हा डॉक्टरांनी नाडी सोडली.

नवरा बाटलीकडे बघत म्हणाला, "ह्ये आता परत त्येला घालता येतं का?"

"नाही," डॉक्टर म्हणाले.

तिचं दिवसकार्य झाल्यावर नवरा माझ्या दारात आला, कडेवर तान्ही मुलगी. "हिचं अक्षर लिहून द्या, मास्तर. म्होरं लागंल."

तान्ह्या मुलाचं इतक्या लवकर नीट कळत नाही, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की सीरम संपलं आहे. तपासायचं औषध मागवतो, असं त्याला सांगून पुण्याला पत्र टाकलं. लढाई चालू आहे, मिळत नाही, आणि भोरची मोजणी पूर्णही झाली आहे, असं उत्तर आलं.

त्यानंतर दर बाजारच्या दिवशी तो शाळेच्या फाटकाशी थांबे.

"आलं का औषद?"

"नाही अजून."

"बरं," म्हणे, आणि मुलगी दुसऱ्या कडेवर घेऊन बाजाराकडे चालू लागे.